चूक नसताना ‘माझंच चुकलं’ म्हणू नका



दशलक्षण पर्व संपलं, परवा क्षमावाणी झाली. सकाळपासून फोनवर ‘उत्तम क्षमा’चे इतके निरोप आले, की दुपारी ह्यांनी माझा फोन उचलून कपाटावरच ठेवून दिला. मीही शंभरेक जणींना निरोप पाठवले. पण खरं सांगू? दोन वर्षांपासून ‘माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा’ हे वाक्य मी पूर्वीसारखं सहज म्हणत नाही. म्हणण्याआधी मनात विचारते, चुकलं का? काय चुकलं? किती चुकलं? ही सवय मला एका मोडलेल्या मनगटाने लावली. त्याची हकीकत आज सांगते, कारण आपल्यातल्या किती तरी जणी दर वर्षी लेकी-सुनांकडे परदेशी जातात.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात होते. बाळ तीन आठवड्यांचं होतं. सकाळी सहाला उठून पाणी गाळणं, डिंकाचे लाडू, बाळाचं अंग चोळणं, थोरल्या नातीचा डबा, असं सगळं आटोपलं की मी अर्धा तास फिरायला जायची. त्या दिवशीही गेले. चौकात माणसांनी रस्ता ओलांडायची खूण असते, तिथे मी थांबले. समोरच्या खांबावर चालणाऱ्या पांढऱ्या माणसाचं चित्र लागलं की निघायचं, हे मला पाच वर्षांच्या नातीनेच शिकवलं होतं. पांढरा माणूस दिसला, मी पाऊल टाकलं. चार-पाच पावलं गेले असेन, तेवढ्यात डाव्या बाजूने एक गाडी हळूच पुढे आली आणि तिचा धक्का बसून मी उजव्या हातावर पडले.

तिथे लाल दिवा असतानाही गाडीला उजवीकडे वळता येतं, जिथे मनाईची पाटी नसेल तिथे. पण आधी गाडी पूर्ण थांबवायची, आणि चालणाऱ्या माणसाला वाट द्यायची, हा नियम आहे. वळणारा माणूस डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो आणि उजवीकडून रस्त्यात उतरणाऱ्या माणसाकडे त्याचं लक्ष राहत नाही. माझ्या बाबतीत तेच झालं.

गाडीतून पंचविशीतली एक मुलगी रडत खाली उतरली. माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिचे हात थरथरत होते. माझा हात वेडावाकडा झाला होता, तरी मी तिलाच धीर देत होते. ‘सॉरी, सॉरी, माय मिस्टेक, मी बघायला हवं होतं.’ चार वेळा तरी म्हणाले असेन. पोलीस आला, त्यालाही तेच म्हणाले. आपल्याकडे कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपणच ‘अगं बाई, चुकलं हं’ म्हणतो ना, अगदी तसं.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पट्टी आणि स्क्रू घालून ऑपरेशन झालं. ज्या बाळासाठी एवढ्या लांब गेले, त्याला दोन महिने एका हाताने उचलता येईना. बाळंतीण लेक माझी वेणी घालायची. त्याचं दुःख हाडापेक्षा जास्त होतं. वर ऑपरेशनची बिलं. निघताना आम्ही प्रवाशांचा विमा घेतला होता, पण स्वस्तातला. त्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बिल कितीही असो. बिल आलं तेव्हा ती ठरावीक रक्कम म्हणजे भाजीतलं मीठ निघालं.

आठवड्याभराने त्या मुलीच्या गाडीच्या विमा कंपनीतून फोन आला. आवाज इतका गोड, की वाटलं कुणी ओळखीचंच बोलतंय. तब्येत विचारली, बाळाची चौकशी केली. मग म्हणाले, संभाषण रेकॉर्ड करतोय, काय घडलं ते सांगा. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘पाऊल टाकण्याआधी तुम्ही डावीकडे पाहिलं होतं का?’ मी म्हणाले, ‘बहुतेक नसेल पाहिलं, माझीच चूक असेल.’ तीन आठवड्यांनी पत्र आलं. अपघातात तुमचाही निष्काळजीपणा होता असं तुम्हीच सांगितलं आहे, त्यामुळे या राज्याच्या कायद्याप्रमाणे आम्ही काहीही देणं लागत नाही.

काहीही नाही! मी पत्र तीनदा वाचलं. मी १९८१ची बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण लग्नानंतर बरीच वर्षं दुकानाचे हिशेब मीच लिहिले. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की माझी थोडी चूक धरली तरी ती थोडी वजा करा, बाकीचं द्या. सगळंच कसं बुडालं?

रात्री जावयांनी समजावलं. ‘आई, तुम्ही म्हणता तसा हिशेब अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत होतो. पण व्हर्जिनियात नाही.’ मग त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवले. समजा नुकसान १०० रुपयांचं झालं आणि जखमी माणसाची चूक ५ टक्के निघाली. कॅलिफोर्नियात १९७५पासून असा नियम आहे, की त्याला ९५ मिळतील. न्यू जर्सीत आपली चूक समोरच्यापेक्षा जास्त नसेल तर आपला वाटा वजा करून बाकी मिळतं. पण व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या चार राज्यांत, तुमची चूक ५ टक्के असो की एकच टक्का, ती अपघाताचं एक कारण ठरली की उत्तर शून्य. गंमत म्हणजे पोटोमॅक नदी ओलांडून वॉशिंग्टन शहरात गेलं, की नियम बदलतो. तिथेही जुना नियमच होता, पण २०१६मध्ये त्यांनी पायी चालणाऱ्या आणि सायकलवाल्या लोकांसाठी कायदा केला. अर्ध्याहून अधिक चूक त्यांची नसेल तर त्यांचा दावा बुडत नाही. म्हणजे हाच धक्का मला नदीच्या त्या काठावर बसला असता, तर ते पत्र असं लिहिता आलं नसतं.

हा नियम आला कुठून, हेही मी नंतर वाचून काढलं. १८०९ सालचा इंग्लंडमधला खटला. डर्बी गावात एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा बांबू टाकला होता. दुसरा माणूस संध्याकाळी आठच्या सुमारास गुत्त्यातून निघून घोडा भरधाव फेकत आला आणि बांबूला अडकून पडला. शंभर यार्डांवरून अडथळा दिसेल एवढा उजेड होता. न्यायालय म्हणालं, तू स्वतः सावधपणे चालला नाहीस, मग दुसऱ्याकडे भरपाई मागू नकोस. ज्या इंग्लंडने हा नियम केला, त्यांनी १९४५मध्ये कायदा करून तो सोडूनही दिला. चूक असेल तेवढी भरपाई कमी करायची, असं ठरवलं. पण समुद्रापलीकडे गेलेला नियम तिथे चार राज्यांत अजून नांदतो आहे.

पत्र आल्यावर घरात दोन तट पडले.

ह्यांचा सांगलीहून फोन, ‘सोडून दे. कर्माचा उदय होता, समतेने सहन कर. परक्या देशात कोर्टकचेरी कशाला? त्या पोरीला तू क्षमा केलीस ना, मग आता पैसे कसले मागतेस?’

लेकीचं उलट. ‘आई, वकील करू. आणि आता विचारलं तर सरळ सांग, डावीकडे पाहिलं होतं म्हणून. कोण बघायला आलंय?’

मी दोघांच्या मध्ये. रात्री हात उशीवर ठेवून पडले की दोघांचंही बोलणं कानात घुमायचं. आणि मला दोघांचंही पटेना.

आधी ह्यांचं. कर्माचा उदय मी मानते. हाड मोडणं, ते सोसणं माझ्या वाट्याचं होतं. पण कर्माचा उदय म्हणून आपण प्लास्टर घालायचं थांबवतो का? औषध घेतो, पथ्य करतो. मग उपचाराचा खर्च ज्याने द्यायला हवा त्याच्याकडे मागणं, हे प्लास्टरच्याच रांगेतलं काम आहे. राहिली क्षमा. क्षमा म्हणजे मनातला राग सोडणं, वैर न ठेवणं. तो मी त्याच रस्त्यावर, पडल्या पडल्या सोडला होता. दुकानात आपण कुणावर न रागावताही उधारी मागतोच की. क्षमा एका वहीत, येणं दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या एक केल्या की हिशेब चुकतो. शिवाय कागदावर दावा त्या मुलीवर असला तरी तिने गाडीचा विमा काढला होता तो याचसाठी. पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत पैसे कंपनी देते. मी दावा सोडला असता तर त्या मुलीला काही मिळालं नसतं, फायदा कंपनीचा झाला असता आणि बिलं माझ्या जावयांनी भरली असती.

आणि लेकीचं? तिला मी म्हणाले, ‘पिलू, जे आठवत नाही ते मी आठवतं म्हणून सांगणार नाही. पैशासाठी तर नाहीच.’ ती चिडली. म्हणाली, ‘मग तुझ्या खरेपणाची किंमत आम्ही भरू.’ ते शब्द लागले मला. कारण बिलं तिच्या घरी येत होती, हे खरंच होतं.

मला सगळ्यात जास्त छळत होता तो प्रश्न, डावीकडे पाहिलं होतं का? आपण लहानपणापासून ईर्यासमिती ऐकतो. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. आपण श्रावक-श्राविकांनीही जमेल तेवढं जपून चालावं. आणि प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा तर आपल्या आचार्यांनी हिंसेच्या व्याख्येतच घातला आहे. तिथल्या कायद्यात ज्याला निष्काळजीपणा म्हणतात, तो आपला प्रमादच. मग मी प्रमाद केला होता का? डोळे मिटून तो क्षण पुन्हा पुन्हा आठवला. पांढरा माणूस पाहिल्याचं नक्की आठवतं. मान उजवीकडे वळवल्याचं आठवतं, कारण आपल्याकडे गाड्या पहिल्यांदा उजवीकडून येतात आणि साठ वर्षांची सवय मानेत बसलेली असते. डावीकडे पाहिलं की नाही, हे मला आठवत नाही. आजही आठवत नाही.

शेवटी जावयांनी एका वकीलबाईंची भेट ठरवली. तिथे अशा दाव्यांत आधी फी देत नाहीत. पैसे मिळाले तर त्यातला बहुधा एक तृतीयांश वकिलाचा, नाही मिळाले तर फी नाही. मी त्यांना पहिल्यांदाच सांगून टाकलं, की मला डावीकडचं आठवत नाही आणि मी खोटं बोलणार नाही. मला वाटलं होतं, त्या फाइल मिटतील. त्या म्हणाल्या, ‘मलाही खोटं नकोच आहे. पण एक सांगा, तुम्ही कंपनीला काय म्हणालात? आठवत नाही, की चूक माझी?’

मी गप्प झाले. मी म्हणाले होते, ‘बहुतेक नसेल पाहिलं, माझीच चूक असेल.’ मला माहीत नसलेली गोष्ट मी सांगितली होती. आणि तीही स्वतःच्या विरुद्ध. मैत्रिणींनो, मी स्वतःला मोठी सत्यव्रती समजत होते. पण जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं बोलणं हेही असत्यच, मग ते नम्रतेने का बोललेलं असेना. लेक जे सांग म्हणत होती ते फायद्याचं खोटं. मी आधीच बोलून बसले होते ते तोट्याचं खोटं. खरं एवढंच होतं, ‘पांढरा दिवा पाहून निघाले, उजवीकडे पाहिलं, डावीकडचं आठवत नाही.’

वकीलबाईंनी मग नियमाची दुसरी बाजू सांगितली, जी पत्रात नव्हती. जखमी माणसाची चूक होती, हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्या पक्षावर असते. नुसती चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळे अपघात घडला हेही दाखवावं लागतं. खुणेच्या जागी, आपला दिवा असताना चालणाऱ्या माणसाने गाडीवाला नियम पाळेल असं धरून चालणं गैर नाही. आणि ‘सॉरी’ म्हटलं म्हणजे निकाल लागला असं नाही, पण तो शब्द पुराव्यात येतो आणि विरुद्ध बाजू त्याचा पुरेपूर वापर करते. ‘पुढच्या वेळी,’ त्या हसून म्हणाल्या, ‘तिला लागलं नाही ना एवढंच विचारा.’

त्यांनी पोलिसांच्या कागदातून एका साक्षीदाराचं नाव शोधलं. पलीकडच्या कडेला कुत्र्याला घेऊन उभे असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, बाई दिवा पाहून निघाल्या होत्या, गाडी पूर्ण थांबलीच नव्हती, आणि गाडीतल्या मुलीचं तोंड शेवटपर्यंत दुसरीकडे होतं. मी मात्र माझ्या जबाबात तेच तीन तुकडे सांगितले. आठवत नाही ते आठवत नाही म्हणून सांगितलं.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. या ‘सगळं किंवा शून्य’ नियमाची भीती दोन्ही बाजूंना असते. पंचांना माझी एवढीशी चूक दिसली तर मला शून्य, आणि नाही दिसली तर कंपनीला सगळं द्यावं लागणार, कारण अर्धंमुर्धं कापायची सोयच नाही. म्हणून मध्येच कुठे तरी तडजोड होते. आमची झाली. मिळालेल्या शंभरातले तेहतीस वकीलबाईंचे, पन्नासच्या आसपास बिलांचे, उरले ते माझे. नदीपलीकडे असते तर जास्त मिळाले असते, असं त्या म्हणाल्या. पण बिलं फिटली. लेक-जावयांच्या डोक्यावर ती राहिली नाहीत, हे मला पुष्कळ होतं.

आता माझं मत. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. मेरीलँडमध्ये वीस वर्षांच्या एका मुलाने मैदानावर फुटबॉलच्या गोलच्या आडव्या दांडीला लोंबकळायचा प्रयत्न केला. गोल जमिनीत नीट बसवलेला नव्हता, तो त्याच्या तोंडावर कोसळला आणि चेहऱ्याची हाडं मोडली. पंचांनी म्हटलं, मैदान सांभाळणाऱ्यांची चूक आहे, मुलाचीही आहे. झालं, मुलाला काही मिळालं नाही. २०१३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम बदलायला नकार दिला. बदल करायचा तर तो विधिमंडळाने करावा, असं बहुमत पडलं. नियमाच्या बाजूचे लोक म्हणतात, यामुळे माणसं स्वतःची काळजी घेतात. मला हे पटत नाही. रस्ता ओलांडताना म्हातारी बाई हाड मोडू नये म्हणून जपते, भरपाई बुडेल म्हणून नाही. आणि असा नियम निष्काळजी माणसाला काय शिकवतो? समोरच्याची बोटभर चूक दाखव, तुझी हातभर चूक माफ.

आपल्या धर्मात हिशेब असा नाही. तीव्र भावाने केलं की मंद भावाने, जाणून केलं की नकळत, यावर कर्माचा बंध कमी-जास्त होतो, हे आपण पाठशाळेपासून शिकतो. ज्याचं जेवढं तेवढं. तराजू असाच असायला हवा. एक टक्का एका पारड्यात, नव्याण्णव दुसऱ्या, आणि नव्याण्णववाला मोकळा सुटतो, हा कसला तराजू?

पण कायदा बदलणं माझ्या-तुमच्या हातात नाही. तोंडातला शब्द आहे. सत्याणुव्रताचे अतिचार आठवतात ना? त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटे कागद करणं. दुखणं फुगवून सांगणारे, न झालेल्या उपचारांची बिलं लावणारे त्यात येतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्याच यादीत न्यासापहारही आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरतो, कमी मागतो, आणि ज्याच्याकडे ठेव आहे तो ‘बरं, तेवढीच घ्या’ म्हणून बाकीची गिळतो. आपल्या आचार्यांनी हाही दोष मानला. मला तो गोड आवाजातला फोन आठवला की हाच अतिचार आठवतो. म्हाताऱ्या बाईच्या भिडेचा फायदा घेऊन तिचं येणं शून्य करणं, याहून वेगळं काय आहे? आणि आपण आपली भीड त्यांच्या हाती का द्यावी?

तेव्हा तिकडे जाणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी. मी वकील नाही, पण सोसून शिकले आहे.

प्रवासाचा विमा नुसता हप्ता बघून घेऊ नका. ठरावीक रक्कम देणारा की खऱ्या बिलाचा मोठा भाग देणारा, ते विचारा. रस्त्यात उतरताना तिथे आधी डावीकडे बघा, मानेला रोज सांगा. आपला दिवा असला तरी थांबलेल्या गाडीतल्या माणसाची नजर आपल्याकडे वळली आहे ना, ते पाहा. काही झालंच तर पोलिसांना बोलवा, साक्षीदाराचं नाव-नंबर घ्या, जागेचे आणि दिव्याचे फोटो घरच्यांकडून काढून घ्या. ‘लागलं का तुला?’ जरूर विचारा, ‘माझी चूक’ म्हणू नका. समोरच्या विमा कंपनीला रेकॉर्ड केलेला जबाब देण्याचं बंधन आपल्यावर नसतं, ‘घरच्यांशी बोलून कळवते’ एवढं पुरतं. डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांगा, जुना सांधेदुखीचा त्रासही लपवू नका. आणि मुदत लक्षात ठेवा. दावा दाखल करायला व्हर्जिनियात दोन वर्षं आहेत, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायनात तीन. आपण सहा महिन्यांत परत येतो आणि विसरून जातो, तसं करू नका. पर्यटक व्हिसावर असलो तरी दावा करता येतो. नातवंडांना घेऊन फिरत असाल तर हेही माहीत असू दे. व्हर्जिनियात सात वर्षांखालच्या मुलावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवता येत नाही.

आपल्याकडे नियम बरा आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जखमीची चूक असली तर तेवढा वाटा कापतं, सगळा दावा बुडवत नाही. १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या कलम १६४प्रमाणे गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळू शकतात. चूक सिद्ध करून जास्त मागायचं तर कलम १६६, आणि त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून उशीर नको. ‘मी काय, घरीच असते, माझं काय नुकसान’ असंही म्हणू नका. गृहिणीच्या कामाचं मोल धरून भरपाई ठरवावी, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या जानेवारीतही सांगितलं आहे. एवढं असूनही आपल्या किती बायका स्कूटरवरून पडल्या तर ‘माझंच लक्ष नव्हतं’ म्हणून घरी येतात, हळद लावतात आणि गप्प बसतात.

परवा क्षमावाणीला मी त्या मुलीची आठवण काढली. तिचा पत्ता माझ्याकडे नाही, नाव मी इथे सांगणार नाही. मनातल्या मनात तिला उत्तम क्षमा म्हटलं. मग लेकीला फोन लावला. ‘त्या वेळी मी तुझ्या बिलांचा विचार न करता मोठेपणाने सगळ्यांसमोर दोष घेतला, त्याचा तुला त्रास झाला. ते माझं चुकलं.’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आई, रेकॉर्ड करू का?’

आम्ही दोघीही खूप हसलो. हात आता बरा आहे. थंडीत दुखतो.

जय जिनेंद्र.